आत्याने लग्न लावले तर ते कायद्याने टिकते का?

आपण विचारले आहे की, भटजींना न बोलावता आपल्या आत्याने लग्न लावले तर ते कायदेशीर ठरेल का आणि पुढे नोंदणीत अडचण येईल का. वर-वधू दोघेही हिंदू असून लग्न परभणीजवळच्या गावी आहे, असे आपण लिहिले आहे, म्हणून त्याच अनुषंगाने उत्तर देतो. असे लग्न निश्चित टिकते. माझ्या भाचीचे लग्न लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या थोरल्या बहिणीने लावले आहे आणि त्याची रीतसर नोंदही झालेली आहे.

1955 चा हिंदू विवाह कायदा लग्न कोणी लावावे याविषयी काहीच सांगत नाही. त्याचे कलम 7 एवढेच म्हणते की, वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीतील विधींनुसार विवाह व्हावा, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. पुरोहिताची जात, शिक्षण किंवा परवाना यांचा तेथे उल्लेखही नाही. महाराष्ट्रात तर सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी, म्हणजे हा कायदा होण्याच्या 82 वर्षे आधी, ब्राह्मण पुरोहिताविना पहिले लग्न लावले होते. आपल्या मराठवाड्यात बौद्ध समाजाची लग्ने बौद्धाचार्य लावतात, आणि तीही याच कायद्याखाली येतात.

म्हणून काळजी आत्याची नव्हे, विधींची घ्यावी. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केले की, रूढीप्रमाणे विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. आपल्याकडे अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाच्या पंगतीकडे वळतात आणि सप्तपदी मागे चार घरच्या माणसांत कशीबशी उरकली जाते. घरचेच माणूस लग्न लावत असेल तेव्हा ती राहून जाण्याचा धोका अधिक असतो, कारण आठवण करून देणारे भटजी तेथे नसतात. आपल्या समाजात सप्तपदीची रूढी असेल तर आत्याने ती मांडवात, सर्वांसमक्ष करून घ्यावी आणि तिचे चित्रीकरण जपून ठेवावे. माझ्या बहिणीने प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा एरवी उठून गेली असती अशी म्हातारी माणसेही शेवटपर्यंत बसून राहिली. मंत्रांची चिंता वाटत असल्यास पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, हे आत्यांना अवश्य सांगावे.

नोंदणी 1998 च्या राज्य कायद्याखाली होते. गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका ती करते. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह, विवाहाचे ज्ञापन द्यावे लागते. त्या नमुन्यात पुरोहिताचे नाव, पत्ता आणि सही यांसाठी जागा असते. आमच्या वेळी कार्यालयातील कर्मचाऱ्याने तेथे बाईचे नाव पाहून अर्ज परत केला होता. बहीण स्वतः दुसऱ्या दिवशी गेली, ‘लग्न मी लावले आहे, सही माझीच राहील’ असे तिने शांतपणे सांगितले, कायद्यात तसा निर्बंध कोठे आहे ते दाखवण्याची विनंती केली, आणि अर्ज स्वीकारला गेला. अडवणूक टाळण्यासाठी भलत्याच भटजींची सही मिळवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो मानू नये, कारण ती खोटी नोंद ठरेल.

एक जबाबदारी मात्र आत्यांच्या कानावर आधीच घालावी. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लावणारी व्यक्ती नात्यातली आहे म्हणून त्यातून सूट नाही. आपल्या भागात हा प्रश्न अजून संपलेला नाही, त्यामुळे मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा पूर्ण असल्याचे दाखले आत्यांनी, घरचेच लग्न असले तरी, स्वतः पाहावेत.

आपल्या नात्यात पुढे कोणाचे आंतरधर्मीय लग्न ठरले तर मात्र वरील उत्तर तसेच्या तसे लागू होणार नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 30 दिवसांची नोटीस लागते आणि विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार शब्दांत करावा लागतो. आत्या त्या अधिकाऱ्याची जागा घेऊ शकत नाहीत, पण नंतर घरी हवा तो समारंभ त्यांच्या हातून करता येतो. ख्रिस्ती विवाहात तर 1872 च्या कायद्याप्रमाणे अधिकार नसलेल्या व्यक्तीने लग्न लावणे हा गंभीर गुन्हा आहे.

आपल्या बाबतीत आत्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि लग्नपत्रिका आधीच जुळवून ठेवावी, आणि ज्ञापनावर त्यांची सही त्या गावी असेपर्यंतच घ्यावी. पाहुणे पांगल्यावर एका सहीसाठी आम्हाला लातूर ते नांदेड दोन खेपा कराव्या लागल्या होत्या.