पाने किती घेऊ?

प्रश्न: आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा 2 वर्षांचा कोर्स झाला. सोमवारपासून सर्व्हिस सेंटरला रुजू होतोय. हत्यारांचा मोठा संच घेऊ का, काका?
– एक वाचक, चाकण

उत्तर: कर्ज काढून तर मुळीच नको. 8 ते 19 नंबरचे रिंग पाने पुरे. 10 चे दोन घे, एक हरवतोच! अंगठी, कडं घरी ठेव. गाडीची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते; प्लसला लागलेला पाना अंगठीसकट बॉडीला टेकला की बोट भाजतं. माझा वळ अजून आहे. म्हणून बॅटरी सोडवताना आधी मायनस. स्पार्क प्लगचे सुरुवातीचे आटे हातानेच फिरव. मी घाईत थेट पाना लावला, इंजिनच्या हेडचे, म्हणजे प्लग बसतो त्या वरच्या भागाचे, आटे गेले. उस्तादांनी दोन दिवस झाडू हातात दिला. बरोबरच होतं त्यांचं. चुकलास तर गाडी बाहेर पडायच्या आत सांग.