आधी कार्ड की आधी एसएमपीएस?

प्रश्न : दादा, माझ्याकडे आय फाइव्ह ७४००, ८ जीबी रॅम आणि १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक कार्ड आहे, मॉनिटर १०८०पी ६० हर्ट्झचा. जुन्या गेम चालतात पण नवीन टाकली की अडकत अडकत चालते. आंब्याच्या सिझनला पेट्या भरायचं काम केलं त्याचे साधारण वीस हजार साठलेत. मुंबईचा आतेभाऊ गणपतीला येतोय, येताना लॅमिंग्टन रोडवरून आरएक्स ६६०० घेऊन येतो म्हणाला. आणायला सांगू का थांबू? – देवगडचा एक वाचक

उत्तर : लगेच होय म्हणू नकोस. जी गेम अडकते तीच लाव आणि मागे टास्क मॅनेजर नाहीतर एमएसआय आफ्टरबर्नर (कशावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेव. जीपीयू (कार्डाची चिप) ९५ ते ९९ टक्के आणि प्रोसेसर निवांत, म्हणजे कार्डच कमी पडतंय. उलट प्रोसेसर १०० वर आणि जीपीयू ५०-६० वर रेंगाळत असेल तर कार्ड कितीही भारी आणलंस तरी फरक पडणार नाही, पैसे मात्र गेले. अजून खात्री हवी तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी कर. एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) चांगला वाढला तर अडचण कार्डाची, होता तिथेच राहिला तर प्रोसेसरची. तुझा ७४०० म्हणजे चार कोर चार थ्रेड (एका वेळी चारच कामं), २०१७ चा, त्यामुळे मला तरी आधी संशय त्याच्यावरच येतो. आणि ८ जीबीची एकच स्टिक लावलीयस का ते कॅबिनेट उघडून बघ, कारण एकच असेल तर तशीच दुसरी टाकून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम चालतात) केल्यावर जी झटके देणारी गेम आहे ती बऱ्याचदा सरळ होते (रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्यामुळे सेकंडहँड डीडीआर४ मिळाली तरी चालेल, रॅम सहसा दगा देत नाही).

कॅबिनेट उघडलंच आहे तर हीटसिंक (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स) पण बघून घे. आपल्याकडे धूळ सुकी नसते, खाऱ्या दमट हवेने ती चिकट होऊन पंख्याच्या पात्यांना आणि फिन्सना लेपासारखी बसते, ब्लोअर मारून निघत नाही, ब्रशने खरवडायला लागते. कार्ड तापलं की स्वतःच स्पीड कमी करतं आणि आपल्याला वाटतं कार्ड म्हातारं झालं. साफसफाई आणि नवीन थर्मल पेस्ट, काहीशे रुपयांचं काम, ते आधी कर.

समजा एवढं करूनही जीपीयू ९९ वरच आहे. मग वीस हजार हे कार्डाचं बजेट नाही, कार्ड अधिक एसएमपीएसचं (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बजेट आहे, आणि हेच कोणी सांगत नाही. १०५० टीआय ७५ वॅटचं, बहुतेक मॉडेल स्लॉटमधूनच करंट घेतात, वेगळी वायर लागत नाही. ६६०० ला १३२ वॅट आणि ८ पिनची वायर लागते, एएमडी निदान ४५० वॅटचा एसएमपीएस सांगते. कॅबिनेटबरोबर फुकट येतो त्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं खरं, पण त्या स्टिकरवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि ८ पिन नसेल तर दुकानदार मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर देतो तो तर अजिबात लावू नकोस. त्यात आपल्याकडची लाईट. जाते त्यापेक्षा येते तेव्हा जास्त मारते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीये असं समज, जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकून जातो, वायरमनला बोलावून तो बघून घे आणि पाणी घालत राहा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तुझं मशीन ६६०० सकट त्यात बसेल, फक्त लाईट गेल्यावर गेम पुरी करायच्या नादाला लागू नकोस, सेव्ह कर आणि बंद कर.

म्हणून माझं मत असं. ब्रँडेड एसएमपीएस बजेटात बसत असेल तर भावाची निवड चांगलीच आहे, ६६०० घे, उद्या बोर्ड-प्रोसेसर बदललास तरी तेच कार्ड पुढे नेता येईल. एसएमपीएस बसत नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघ, ते ७० वॅटचं, बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही. ६६०० पेक्षा ते बरंच मागे आहे पण तुझ्या आहे त्या एसएमपीएसवर चालेल. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, नको, ते पीसीआयई (बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट) च्या फक्त चार लेनवर चालतं आणि तुझ्या ३.० च्या बोर्डावर मार खातं. इंटेल आर्क पण नको, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो, तुझ्या पिढीच्या बोर्डावर तो सहसा मिळत नाही.

घाई आहे का, तर नाही. १०५० टीआयच्या पिढीला नवीन गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत, आत्ता चालणाऱ्या गेम काही बंद पडत नाहीत. आणि तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे ज्या गेम आज ६० वर टिकतात त्यात नवीन कार्डाने डोळ्याला काहीच दिसणार नाही.

प्रश्न : मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे. दुकानदार म्हणतो ऑटोकॅडसाठी मोठं ग्राफिक कार्ड लागेलच. आमचं बजेट जेमतेम आहे. – एक आई, गुहागर

उत्तर : ताई, टूडी ड्रॉइंगसाठी नाही लागत. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं, फक्त प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्स नसतं. त्या पैशात १६ जीबी रॅम आणि एसएसडी घ्या. पुढे थ्रीडी, रेंडरिंग लागलं तर कार्ड तेव्हा टाकता येतं, कॅबिनेटमध्ये जागा असली म्हणजे झालं.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, टाइमलाइन अडकते. एकजण आरएक्स ५८० सेकंडहँड देतोय, मायनिंगचं (क्रिप्टोकरन्सी मिळवायला सतत चालवलेलं) असेल अशी शंका आहे. – मालवण

उत्तर : आधी कॅमेऱ्याचं फुटेज कुठलं आहे ते बघा. १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा फॉरमॅट) शूट करत असाल तर ते ५८० ला हार्डवेअरने डिकोड होतच नाही, कार्ड घालूनही अडकणार. प्रॉक्सी (फुटेजची हलकी कॉपी) बनवून एडिट करा, पैसे लागत नाहीत.

तरी घ्यायचंच असेल तर. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली, मायनिंगचं म्हणजे मेलेलंच असं नाही, पंखे मात्र झिजलेले असतात. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) शेडर, म्हणजे कार्डातल्या छोट्या गणन-युनिटांचा आकडा, बघा, खऱ्या ५८० ला २३०४ असतात, २०४८ दाखवलं तर ते कमी ताकदीचं व्हर्जन आहे, भाव त्याप्रमाणे पाडा. किनाऱ्यावरच वापरलेलं असेल तर ब्रॅकेटच्या स्क्रूवर गंज आणि एचडीएमआयच्या पोर्टवर हिरवट थर आहे का बघा, थर दिसला तर नको. नाहीतर फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देऊन बघणारं सॉफ्टवेअर) पंधरा-वीस मिनिटं समोर चालवायला सांगा, स्क्रीनवर ठिपके-पट्टे आले किंवा तो मशीन उघडायलाच नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा. १८५ वॅटचं कार्ड आहे, तेव्हा वर देवगडवाल्याला एसएमपीएसबद्दल लिहिलंय ते तुम्हाला दुप्पट लागू.