इंग्रज अधिकारी गेल्यावर कारभार कोलमडला कसा नाही?

१९४७ साली इंग्रज सनदी अधिकारी मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या जागी भारतीय माणसे इतक्या लवकर कुठून मिळाली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती लवकर मिळालीच नव्हती, आय.सी.एस.मधल्या (इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे इंग्रजी राजवटीतली वरिष्ठ सनदी सेवा) सुमारे निम्म्या जागांवर तोपर्यंत भारतीय आलेले होते आणि एवढी मजल गाठायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली होती.

या सेवेत शिरण्याची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून कागदोपत्री सर्वांना खुली होती, पण ती होई लंडनला, आणि १८७८ पासून तिची कमाल वयोमर्यादा १९ वर्षांवर आणली गेली, म्हणजे मुलाला मिसरूड फुटण्याच्या वयात विलायतेला पाठवण्याची ऐपत असलेल्या घरांपुरतीच ती उरली. १८६३ साली उत्तीर्ण होऊन मुंबई इलाख्यात रुजू झालेले सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय. त्यांच्यामागून येणारे पुढे कित्येक वर्षे बोटांवर मोजण्याइतकेच होते. परीक्षा भारतातही घ्यावी, ही दादाभाई नौरोजी प्रभृतींची जुनी मागणी. तसा ठराव १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने संमतही केला, पण सरकारने तो गुंडाळून ठेवला (ठराव करून विसरण्याची सरकारी परंपरा आपल्याकडची नव्हे, हे यावरून ध्यानात यावे), आणि अलाहाबादेत परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले.

गती आली ती केवळ उदारपणामुळे नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज तरुणच या नोकरीकडे पाठ फिरवू लागले होते. सनदी सेवांच्या भरतीचा विचार करणाऱ्या १९२४ च्या ली आयोगाने पंधरा वर्षांत सेवेत निम्मे भारतीय असावेत असे सुचवले, आणि त्याच अहवालात इंग्रजांना टिकवण्यासाठी बोटीच्या प्रवासखर्चासारख्या सवलतीही सुचवल्या.

शिवाय तालुक्यातला मामलेदार आणि कचेरीतला कारकून हे पूर्वीपासून येथलेच होते. रयतेचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येई. वरच्या पातळीवर चिंतामणराव देशमुख १९४३ मध्येच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले होते. तरीही सगळे इंग्रज एका रात्रीत गेले नाहीत: मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोल्व्हिल जानेवारी १९४८ पर्यंत पदावर होते आणि लष्कराची सूत्रे करिअप्पांकडे आली ती १५ जानेवारी १९४९ रोजी.