दारू सुटली, पण रात्री डोकं शांत होईना

प्रश्न : ताई, मी डिचोली तालुक्यातला, वय ४१, कुंडईला एका फॅक्टरीत सेकंड शिफ्टला असतो. दारू सोडून दीडएक महिना झाला. हात थरथरणं, घाम वगैरे पहिल्या आठवड्यातच गेलं, पण आता झोप नाही आणि पडल्या पडल्या जुनं सगळं वर येतं, बाबा आजारी होते तेव्हा मी बारमध्ये होतो, बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या. कधी वाटतं मी नसतो तर यांचं बरं झालं असतं. मग वाटतं एक क्वार्टर मारली तर झोप तरी लागेल. बायको अजून रोज तोंडाचा वास घेते. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जावं तर गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या गावभर होईल. काय करू?

उत्तर : भाऊ, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ हे तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, पण मी आधी तिथेच थांबते. जीव द्यायचे विचार येतात का, कसा द्यायचा हेही डोक्यात येतं का? येत असेल तर आज रात्री एकटे राहू नका, बायकोला उठवा, तिला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अगदीच आवरेना तर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जा, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका.

आता हे विचार आत्ताच का येतायत? वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबून ठेवत होती, ती थांबली की तो बरेच दिवस उलट जास्तच जागा राहतो, झोप ठिकाणावर यायला काही आठवडे, काहींना महिनेही लागतात. आणि जे आठवायचं नव्हतं तेही दारूनेच दाबलेलं होतं, ते आता वर येणारच. बांगड्या गहाण टाकल्या हे खरं आहे, मी ते पुसत नाही. पण ‘मी असं केलं’ ही एक गोष्ट आणि ‘म्हणून मी नसावं’ ही दुसरी, रात्री दीड वाजता दोन्ही एका दमात येतात आणि माणसाला वाटतं एकच आहे. पहिली वहीत लिहा आणि सकाळी उजेडात वाचा, दुसरीवर रात्री काहीच ठरवायचं नाही, ती कुणाला तरी बोलून दाखवायची. सगळ्यांची माफी आत्ताच मागून मोकळं व्हायची घाईही नको, ज्यांच्या मीटिंगा होतात त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या १२ पायऱ्यांत झालेली नुकसानं भरून द्यायचं काम आठव्या-नवव्या पायरीवर येतं, आधी नाही.

क्वार्टरचं बोलायचं तर तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, घड्याळ बघा आणि तेवढा वेळ काढा. शिफ्ट सुटल्यावर तुम्ही उपाशी, थकलेले आणि एकटे असता, तलफ नेमकी तेव्हाच जोर करते, म्हणून डब्यात थोडं जास्तीचं ठेवा, सुटल्या सुटल्या खा आणि बार नसलेला रस्ता धरा (गोव्यात असा रस्ता शोधावा लागतो हे मला माहितीये). दारूने डोळा लागतो पण पहाटे मोडतो आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. दारू सोडल्यावरची उदासी बऱ्याच जणांची तीन-चार आठवड्यांत कमी होते, तुमची दीड महिन्यानंतरही आहे, म्हणजे डॉक्टरला दाखवायलाच हवं. बांबोळीलाच आयपीएचबी, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे जा, झोपेबद्दल आणि या विचारांबद्दल दोन्ही सांगा, मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणू नका.

(इतर वाचकांसाठी, रोज भरपूर पिणाऱ्याने यांच्यासारखी घरच्या घरी एकदम सोडू नये, पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडा.)

गावभर होण्याची भीती मला समजते, गोवा लहानच आहे. पण मीटिंगमध्ये जो दिसेल तो तुमच्यासारखाच तिथे आलेला असणार. डिचोलीत नको वाटलं तर म्हापशाला किंवा पणजीला जा, फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जागा चर्चची असली म्हणून हिंदूने जाऊ नये असं काही नाही. पहिल्या दिवशी नुसतं बसून ऐका. तिथल्या एकाचा तरी नंबर घ्या आणि आधीच विचारून ठेवा, रात्री उशिरा फोन केला तर चालेल ना. ही परवानगी दिवसा घेतलेली असली की रात्री फोन उचलायला हात अडत नाही. आणि आधार द्यायला माणूस मोठा डॉक्टरच हवा असं नाही, पर्वरीच्या संगाथ संस्थेने गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या लोकांकडून धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून घेतलं, थोड्याच भेटींत फरक पडला, २०१७ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं.

बायको वास घेते त्याचं वाईट वाटतं, वाटणारच. पण तिने इतकी वर्षं दाराकडे डोळे लावून काढलीयेत, दीड महिन्यात तिची भीती जाणार नाही. घेऊ दे वास, वाद घालू नका. तिच्यासाठी अल-अॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट, तिला माहीत नसेल तर सांगा, जबरदस्ती नको. आणि हे उत्तर तिला वाचायला द्या, तिला काही विचारायचं असेल तर तिनेही मला लिहावं.