अमेरिकेत सॉकर मागे का? गोल कमी पडतात म्हणून तर नक्कीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सगळं जग फुटबॉल बघतं, मग अमेरिकेतले क्रीडाप्रेमी सॉकरला (इथे फुटबॉलला हेच नाव) जवळ का करत नाहीत? गोल कमी होतात म्हणून, की सामने बरोबरीत सुटतात म्हणून? आणि मेस्सी तिकडे गेल्यावर काही फरक पडला का?

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं अटलांटात राहतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडचे लोक विचारतात. आधी ते गोलांचं कारण बाजूला काढतो, कारण तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि मला सगळ्यात कमी पटतं. अमेरिकन फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन पळायचा वेगळाच खेळ; त्यात टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे, सहा गुण आणि त्यानंतरच्या किकचा एक, असे सात मिळतात. म्हणजे २१-१४ हा निकाल मुळात ३-२ च आहे, फक्त फलकावर आकडा भरघोस दिसतो. आइस हॉकीत ३-२ हा अगदी नेहमीचा निकाल. बेसबॉलमध्ये तीन तास बसून २-१ बघणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. संथपणाचं म्हणाल, तर २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचे, सामने घड्याळ लावून मोजले होते. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ११ मिनिटं! उरलेल्या वेळात जाहिराती, रिप्ले आणि घोळका करून उभे असलेले खेळाडू. एवढा धीर असलेल्या माणसाला पंचेचाळीस मिनिटं न थांबणारा खेळ झेपत नाही, असं म्हणणं जरा जास्तच झालं.

माझं म्हणणं असं की अमेरिकन प्रेक्षक दोन गोष्टींमागे वेडा होतो: जे जगात अव्वल आहे, किंवा जे आपल्या गावाचं आहे. इथली घरची सॉकर लीग बहुतेक शहरांत यांपैकी काहीच नाही. असं का झालं, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत जो सामना झाला, त्याला इथे अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना म्हणतात. पण त्यात चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती. एका बाजूला पंचवीस खेळाडू होते खरे, तरी आज कुणी पाहिला असता तर सॉकरच्याच जवळचा म्हणाला असता. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, रटगर्स यांनी बसून नियम ठरवले, तेही त्याच वळणाचे. हार्वर्ड त्या बैठकीला गेलं नाही, कारण त्यांच्याकडे चेंडू हातात घेण्याची मुभा असलेला वेगळा खेळ होता. १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ येऊन त्यांच्याशी रग्बी खेळून गेला, आणि हार्वर्डला तो खेळ भलताच आवडला. हार्वर्ड वळलं म्हटल्यावर बाकीचे किती दिवस दूर राहणार? १८७६ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बैठकीत रग्बीवर आधारलेले नियम आले आणि पुढे वॉल्टर कॅम्पने त्यातून आजचा अमेरिकन फुटबॉल घडवला. म्हणजे शरद ऋतूतला कॉलेजचा खेळ कोणता, हे तिथेच ठरून गेलं. उन्हाळा बेसबॉलने आधीच घेतला होता, हिवाळा नंतर बास्केटबॉल आणि हॉकीने. वर्षाच्या कॅलेंडरमध्ये रिकामी जागाच उरली नाही.

तरीही सॉकर इथे कधी नव्हताच, हा समज साफ चुकीचा आहे. १९२० च्या दशकात अमेरिकन सॉकर लीग जोरात होती. पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कंपनीचा बेथलेहेम स्टील आणि मॅसॅच्युसेट्समधल्या कापडगिरण्यांच्या गावचा फॉल रिव्हर मार्क्समन हे तिच्यातले दादा संघ. स्कॉटलंडहून खेळाडू पैसे मोजून आणले जायचे. आर्ची स्टार्कने १९२४-२५ च्या एका मोसमात लीगमध्ये ६७ गोल मारले. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीपर्यंत पोचली. पण त्याआधीच, १९२८ मध्ये, लीग आणि राष्ट्रीय संघटना एका चषक स्पर्धेवरून एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या. संघटनेने लीगलाच बेकायदा ठरवून समांतर लीग उभी केली. दोघांचे पैसे संपत आले आणि तेवढ्यात १९२९ चं शेअर बाजाराचं कोसळणं आलं. गिरण्या बंद, पोलाद थंड, संघ गेले. संघटनांची भांडणं खेळाला कशी खातात हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतरच्या फटीत खेळ स्थलांतरितांच्या वस्त्यांपुरता उरला. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेला अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं, गोल अमेरिकेकडून खेळणाऱ्या, मूळच्या हैतीच्या जोसेफ गेटजेन्सचा. आज त्याच्या कथा सांगतात, तेव्हा देशात फारसं कुणाला कळलंही नाही. टीव्ही घराघरांत शिरला तो याच वर्षांत, आणि पडद्यावर सॉकर नव्हता.

टीव्हीची अडचण खरी आहे, हे मान्य करतो. सॉकरमध्ये जाहिरातीला जागा नाही. १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने एका नव्या लीगचे सामने दाखवायला घेतले, तेव्हा एका पंचानेच कबूल केलं होतं की आपण दिलेले काही फाउल जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून होते. १९९४ च्या विश्वचषकात घड्याळाशेजारी प्रायोजकाचं चिन्ह ठेवून सामना न तोडता दाखवायची युक्ती निघाली, आणि तांत्रिक अडचण बरीचशी सुटली. म्हणून जाहिरातींचं कारण मी फार ताणत नाही.

सत्तरच्या दशकातली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग तुम्हाला ठाऊक असेल, निदान पेलेमुळे. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला, १९७७ मध्ये जर्मनीचा बेकेनबाउर. त्या वर्षी जायंट्स स्टेडियमवर एका सामन्याला ७७ हजारांवर लोक होते. मग सगळ्यांनाच घाई झाली. १९७८ मध्ये संघ २४ झाले. प्रत्येकाला आपला एक पेले हवा होता, तिकीटबारीवर तेवढा पैसा मात्र नव्हता. १९८४ चा मोसम शेवटचा ठरला. ऑफसाइडची रेषा बदलणं, बरोबरी नको म्हणून पस्तीस यार्डांवरून धावत येऊन मारायचे शूटआउट, असे 'अमेरिकन चवीचे' प्रयोगही करून झाले होते. पुढे १९९६ ला सुरू झालेल्या एमएलएसनेही, म्हणजे आजच्या घरच्या सॉकर लीगनेही, सुरुवातीची काही वर्षं तो शूटआउट ठेवला होता. ज्यांना सॉकर आवडत नव्हता ते त्याने आले नाहीत, आणि ज्यांना आवडत होता ते वैतागले. बरोबरीमुळे लोक येत नाहीत या सिद्धांताची परीक्षा तिथेच झाली, असं मी समजतो.

आता आजचं बघा. गॅलप या जनमत पाहणी संस्थेने २०१७ मध्ये 'बघायला सर्वांत आवडता खेळ कोणता' असं विचारलं, तेव्हा अमेरिकन फुटबॉल ३७ टक्के, बास्केटबॉल ११, बेसबॉल ९, सॉकर ७. नंतरच्या एका पाहणीत सॉकर ५ टक्क्यांवर आला, पण चित्र तेच. म्हणजे सॉकर बेसबॉलपासून फार लांब नाही. एनएफएल सगळ्यांच्याच मैलोगणती पुढे आहे. 'मुख्य प्रवाह' म्हणजे एनएफएल, असं धरलं तर इथे बाकी कुठलाच खेळ मुख्य प्रवाहात नाही.

आणि जे सॉकर बघतात ते एकत्र बसत नाहीत. इथे वर्षानुवर्षं सर्वाधिक बघितली जाणारी सॉकर लीग मेक्सिकोची आहे, तीही स्पॅनिश वाहिन्यांवर. मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला तरी एनएफएलचं भलंमोठं स्टेडियम हिरव्या जर्सींनी भरतं. माझ्या ऑफिसातले तिशीतले लोक शनिवारी सकाळी कॉफी घेऊन प्रीमियर लीग बघतात. आर्सेनलबद्दल तासभर बोलतील, पण इथल्या संघाचा गोलकीपर कोण, हे त्यांना विचारू नका. कुणी फक्त विश्वचषकाचा, कुणी फक्त महिला संघाचा. ही सगळी गर्दी एका लीगमागे उभी राहिली असती तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता.

ती उभी राहत नाही, कारण बास्केटबॉलची एनबीए, एनएफएल, मेजर लीग बेसबॉल या जगातल्या सर्वोत्तम लीग आहेत हे इथल्या माणसाने लहानपणापासून गृहीत धरलंय. एमएलएसकडे बघताना त्याला कळतं की खरा माल मँचेस्टर आणि माद्रिदला आहे. महिला सॉकरकडे बघा म्हणजे मुद्दा पटेल. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळांना संधी द्यावी लागली, आणि जगात बाकी कुणी लक्ष देण्याआधी अमेरिकेने संघ घडवला. १९९१, १९९९, २०१५, २०१९ असे चार विश्वचषक. १९९९ ची फायनल बघायला पासाडीनाच्या रोझ बोलमध्ये ९० हजारांवर माणसं होती. गोल कमी होतात अशी तक्रार तेव्हा कुणी केली नाही. तो सामना ०-० सुटून पेनल्टींवर गेला होता!

मग दर्जा हेच सगळं आहे का? तेही नाही, कारण कॉलेज फुटबॉल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखावर लोक बसतात आणि ते भरतं, दर्जा एनएफएलच्या खालचा हे माहीत असूनही. इथे दुसरी गोष्ट लागू होते: आजोबा त्याच कॉलेजात, बाबा त्याच कॉलेजात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या स्थानिक फुटबॉल संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा का येतात, हे ज्याला कळतं त्याला अ‍ॅन आर्बर, म्हणजे मिशिगन विद्यापीठाचं गाव, समजावून सांगावं लागत नाही. तिथे युरोपशी तुलना कोण करतो?

एमएलएसच्या बहुतेक संघांना हे वय मिळालेलं नाही. जिथे मिळालं तिथे चित्र वेगळं आहे. सिअ‍ॅटल आणि पोर्टलंडचं वैर १९७५ पासूनचं, जुनी लीग बुडाली तरी टिकलेलं. पोर्टलंडमध्ये घरच्या संघाने गोल केला की लाकूडतोड्याच्या वेशातला एक जण खरीखुरी करवत चालवून ओंडक्याची चकती कापतो. मला तो प्रकार मनापासून आवडतो. आमचं अटलांटा अपवादातला अपवाद. संघ सुरू झाला २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या फायनलला ७३ हजार लोक. या शहरात निम्मी जनता बाहेरून आलेली, प्रत्येकाचा जुना संघ दुसरीकडे. सगळ्यांसाठी एकदमच नवा असलेला हा एकच संघ होता, असं माझं निरीक्षण. बाकी शहरांत हे घडवून आणता येईल असं मला वाटत नाही.

मुलं इतकी खेळतात, मग मोठेपणी बघत का नाहीत, असंही लोक विचारतात. खेळतात खरी; दर शनिवारी आमच्या उपनगरातली मैदानं भरलेली असतात, देशी मुलंही भरपूर. पण इथे चांगल्या क्लबमध्ये खेळायचं तर पालकांनी वर्षाला हजारो डॉलर भरायचे, शिवाय गाडी हाकत दुसऱ्या राज्यात स्पर्धांना न्यायचं. त्यामुळे हा मध्यमवर्गाचा शिस्तशीर छंद होऊन बसतो. ज्या घरांत खेळाचं वेड खरोखर मुरलेलं आहे, ती बऱ्याचदा त्या फीमुळे बाहेर राहतात. रविवारी दुपारी बाप मुलासोबत जे बघतो तेच मुलगा पुढे बघतो, आणि बाप एनएफएल बघतो.

राहिला मेस्सी. जुलै २०२३ मध्ये तो एमएलएसमधल्या इंटर मायामी संघाकडे आला. स्टेडियमं भरली, त्या संघाच्या गुलाबी जर्सी सगळीकडे दिसायला लागल्या. पण लीगने त्याच वर्षापासून दहा वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क अ‍ॅपलला दिले होते आणि सुरुवातीला बहुतेक सामन्यांसाठी वेगळे पैसे भरावे लागत. वाहिन्या बदलताना सहज सामना दिसला आणि थांबलो, असं होणंच बंद झालं. ज्याला आधीच आवड आहे त्याच्यासाठी सोय उत्तम, नव्याला दार बंद. पेलेच्या वेळी दिसलेलीच गोष्ट पुन्हा दिसते: लोक मेस्सी बघायला येतात, मेस्सी नसेल तर तिकिटाचे भाव उतरतात.

माझी नजर जास्त २०२७ वर आहे. एमएलएस आपला मोसम बदलणार आहे, जुलैत सुरू करून मेअखेर संपवणार. आजवर त्यांचे निर्णायक सामने नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरात यायचे, जेव्हा शनिवारी कॉलेज फुटबॉल आणि रविवारी एनएफएल असतं आणि सॉकर पडला काय, उठला काय, कुणाला पत्ता नसतो. मेमध्ये समोर एनबीए आणि हॉकीचे प्लेऑफ असतील, तेही सोपे नाहीत. पण एनएफएलपेक्षा ते बरे. मिनेसोटा, टोरांटोसारख्या कडक थंडीच्या ठिकाणी फेब्रुवारीत प्रेक्षक मैदानावर कसे आणायचे, हा मात्र वेगळाच घोळ आहे, आणि त्यावर लीगने अजून मला पटेल असं उत्तर दिलेलं नाही.