आधी धार

बाळा,

तू शिवलेल्या कातडी पाकिटाचा फोटो मिळाला. मोठा करून बघितला, चष्मा पुसून परत बघितला. दोरा कुठला घेऊ, रंग कुठला लावू, चाळीस हत्यारांचा संच मिळतोय तो मागवू का, असं तू विचारलंयस. यातल्या एकाचंही उत्तर आज देणार नाही. पाकिटाच्या डाव्या कडेवरून बोट फिरव. तंतू उभे राहिलेत. कोपऱ्यावर पातं अडलं, तू जोर लावलास आणि रेघ बाहेर गेली. टाका वाकडा दिसतोय म्हणून तू दोऱ्याला दोष देतोस, पण मुळात कडच वाकडी आहे. आधी धार. बाकीचं मग.

तू बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहणारा पोरगा. टूलची धार गेली की जॉबच्या लोखंडावर कशा रेषा उमटतात, आवाज कसा बदलतो, हे मी तुला सांगायचं? तिथं टूल बदलल्याशिवाय पुढचा जॉब लावत नाहीस, आणि कातड्यापुढं मात्र कागद कापायचा कटर घेऊन बसतोस. कातडं मऊ म्हणून? मऊ वस्तूलाच धार जास्त लागते. पिकलेला टोमॅटो बोथट विळीवर धरून बघ.

एक रापी घे, कातडं कापायची, साधी. धारेचा दगड पाण्यात भिजव. पात्याचा उतार दगडाला पुरता टेकव, मनगट आवळून धर आणि सावकाश ओढ. कोन हलला की धार गोल होते, मग तासभर घासलंस तरी फुकट. पलीकडच्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागली पाहिजे, तुम्ही जिला बर म्हणता ती. ती लागेपर्यंत थांबायचं नाही. मग बाजू बदल. शेवटी कातड्याच्या पट्टीवर उलट्या दिशेनं दहा-बारा हात मार. आता पातं दिव्याखाली धर. धारेवर पांढरी रेघ चमकली तर तिथं ती अजून बोथट आहे. लागलेली धार डोळ्याला दिसत नाही.

दिसली तर परत दगडावर. कंटाळा आला तरी परत दगडावर.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. तुझ्याहून लहान असताना वडिलांनी मला अख्खा पावसाळा दगडापुढं बसवलं. पावसात पायताणाला गिऱ्हाईक कमी, म्हणून हीच शिकायची वेळ, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, हे मला कामाला हात लावू देत नाहीत. भांडलो आणि शहरातल्या एका कारखान्यात गेलो. तिथं पट्टे प्रेसवर कापायचे, तळ सोल्यूशननं चिकटवायचे. दोन वर्षांनी परत आलो तो सगळं येतंय अशा थाटात. आजोबांपासून चालत आलेली रापी उचलली आणि वेळ वाचवायला बिजलीच्या ग्राइंडरला लावली. ठिणग्या उडाल्या, टोकाला निळा रंग चढला. निळा म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पोलादाचं पाणी उतरलं. त्यानंतर दोन पट्टे कापले की धार पडायची. वडिलांनी ती दिव्याजवळ नेऊन बघितली, एक शब्द बोलले नाहीत, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. पुढच्या थंडीत ते गेले. फडकं अजून तिथंच आहे.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्याला मी दगडापुढं बसवतो. दोन पोरं आली. एक पंधरा दिवसांत गेला, दुसरा महिन्यानं. दुसऱ्याची आई गल्लीत म्हणाली, म्हातारा विद्या देत नाही, नुसता दगड घासून घेतो. ते शब्द लागले. रात्र रात्र विचार केला. तरी सांगतो, माझं चुकलं नाही. चुना, बाभळीची साल, हिरडा, यांत कितीतरी दिवस राहून कातडं कमावलं जातं. ते बोथट पात्याखाली फाडायला मी द्यायचं? माझं चुकलं असेल तर इतकंच, की आठव्या दिवशी त्यांच्या हातात कातड्याची कतरण ठेवायला हवी होती. तुझ्या बाबतीत ठेवीन.

तेव्हा कतरणच घे, अख्खं कातडं नको. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसली तर ते बहुधा साल-हिरड्याचं. निळसर करडी असेल तर क्रोमचं, म्हणजे रसायनानं कमावलेलं, त्यावर ठसा नीट उठत नाही. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा ताणला जातो. पट्ट्याला पाठ घ्यावी. संत रोहिदासांची लाकडी कठौती आपण तसबिरीत बघतो. तिच्यातलं पाणी कातडं भिजवायचं. तूही कतरण ओली कर, मुरू दे, मग काप. धार खरी असेल तर कापल्याचा आवाज येत नाही आणि कड चकाकते.

टाक्याचं भोक पाडायच्या आरीलाही धार लागते. नुसतं टोक असून चालत नाही. तिनं कातडं चिरायला हवं, फाडायला नाही. दोन सुया, मेण लावलेला एक दोरा. दोन्ही बाजूंनी घातलेला टाका एका जागी तुटला तरी पुढचा धरून राहतो. मशीनच्या टाक्याचं तसं नाही. झालं, दोऱ्याचं इतकंच.

मिलानच्या फॅशन शोमध्ये २०२५ साली प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यापासून कोल्हापुरी कुणाची, यावर तू पान भरून लिहिलंयस. कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेल्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचे चार, त्यात आपलं बेळगाव आहे. इथं अथणीत कानडी घरात कातडं कापायच्या हत्याराला रंपगी म्हणतात, आपल्याकडं रापी. दगड एकच. त्या वादात संध्याकाळ घालवलीस तर घासणार कधी?

रविवारी सकाळची एसटी धर. पाकीट आणू नकोस, रापी आण. पात्याला वर्तमानपत्र गुंडाळ आणि पिशवीत आडवी ठेव. दिव्याखाली मी बघतो. रेघ दिसली तर जेवण करून परत बसायचं, नाही दिसली तर फळीवरचं फडकं तुझ्यासमोर सोडीन.