युद्धाने देश सुटला, व्यवसाय कसा उभा राहिला?

प्रश्न : युद्धामुळे निर्वासित झालेले वास्तुविशारद परक्या देशात खरोखरच शून्यापासून सुरुवात करतात का? एखादे उदाहरण द्यावे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : नेहमीच नाही, आणि पुढे ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेले वास्तुविशारद हॅरी सायडलर यांचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. १९२३ मध्ये व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या सायडलर यांना १९३८ मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर, इंग्लंड गाठावे लागले. तेथे १९४० मध्ये, ज्या राजवटीपासून ते पळाले होते तिचेच प्रजाजन समजून, सरकारने त्यांना स्थानबद्ध केले व पुढे कॅनडातील छावणीत धाडले. १९४१ मध्ये शिक्षणासाठी सुटका झाली, मॅनिटोबा विद्यापीठाची पदवी १९४४ मध्ये हाती आली, आणि त्यानंतर हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांचे मार्गदर्शन व न्यूयॉर्कमध्ये मार्सेल ब्रॉयर यांच्या कार्यालयातील उमेदवारी लाभली. आधुनिक वास्तुकलेतील हे दोघे नामवंतही युरोपातून आलेले स्थलांतरितच होते, हे विसरून चालणार नाही; अशा गुरूंची साखळी प्रत्येक निर्वासिताच्या वाट्याला येत नाही.

दरम्यान सिडनीत स्थायिक झालेल्या आईने स्वतःच्या घराचा आराखडा करण्यासाठी मुलाला बोलावून घेतले. १९४८ मध्ये तेथे पोहोचलेल्या सायडलर यांचा विचार घर पुरे होताच परतण्याचा होता. वाहरूंगा या उपनगरातील ते घर १९५० मध्ये बांधून झाले : सपाट छप्पर, मोठमोठ्या काचा, बारीक खांबांवर उचललेला मजला. उतरत्या छपरांच्या विटकरी घरांना सरावलेल्या लोकांना ते विचित्रच वाटले असणार. आईला मात्र आपले व्हिएन्नाचे जड नक्षीदार फर्निचर सोडावे लागले, कारण चिरंजीवांच्या मते ते या घरात शोभणारे नव्हते! १९५१ मध्ये या घराला वास्तुकलेसाठीचे सलमन पदक मिळाले, इतर कामे येऊ लागली आणि परतीचा बेत मागे पडला.

तरीही वाट सरळ नव्हती. अनेक नगरपालिकांनी त्यांचे आराखडे नाकारले, तेव्हा गप्प न बसता ते न्यायालयात गेले. पुढे १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या सिडनीतील ‘ऑस्ट्रेलिया स्क्वेअर’ या पन्नास मजली गोल मनोऱ्यासाठी त्यांनी इटालियन अभियंते पिएर लुइजी नेर्वी यांची मदत घेतली, तर १९९० च्या दशकात व्हिएन्नातच डॅन्यूबकाठी मोठी निवासी वसाहत उभारली. आईचे घर आता संग्रहालय आहे. सिडनीला जाणाऱ्या वाचकांनी ते जरूर पाहावे.